डावीकडे बगळे

मी बोलतेय. दचकू नका. सायकली रोजच बोलत असतात. घंटी वाजली की लोक बाजूला होतात, ऐकत मात्र कोणी नाही. आज जरा थांबून ऐका.

मी दोघांची सायकल आहे. चाकं दोन, सीटं दोन, पायडलं चार. लांबी एवढी, की कोपऱ्यावर वळताना माझं पुढचं चाक नव्या गल्लीत पोचलेलं असतं आणि मागचं जुन्या गल्लीचा निरोप घेत असतं. शेजारपाजारचे मला 'आगगाडी' म्हणतात. कौतुकाने की कुचेष्टेने, हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. अशा चौकशा करणाऱ्याला सुख लाभत नाही.

माझा जन्म एका सायकलवाल्याच्या दुकानात झाला. त्याच्याकडे दोन जुन्या सायकली धूळ खात पडल्या होत्या. एक पुरुषांची, आडव्या दांड्याची, तिचा मागचा भाग चेपलेला. दुसरी बायकांची, बिनदांड्याची, तिचं पुढचं तोंड वाकलेलं. दोन मोडक्यांची एक धड सायकल होईल असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने दोघींना मधोमध कापलं आणि जे धड होतं ते वेल्डिंग करून जोडलं. म्हणजे माझा पुढचा भाग दांड्याचा आणि मागचा बिनदांड्याचा. पुढे कोणी बसायचं आणि मागे कोणी, हे असं जन्माच्या वेळीच पक्कं झालं. माणसांच्या घरांतही ते कधी कुणी आणि कुठे जोडून ठेवलेलं असतं कोण जाणे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एके दिवशी एक घड्याळजी पंक्चर काढायला आला आणि मला बघून पंक्चर विसरला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. नवीन लग्न झालेलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. सगळं गाव तिला 'बाई' म्हणायचं, आपणही तेच म्हणू. तिने मला दोन्ही बाजूंनी निरखलं आणि मागचं हँडल हलवून पाहिलं.

"हे वळत का नाही?"

"मागचं आहे ना, बाई," सायकलवाला म्हणाला. "ते नुसतं धरायला."

"कशासाठी धरायचं?"

"पडू नये म्हणून."

"आणि ब्रेक?"

"ते पुढे. साहेबांकडे."

"म्हणजे पाडणार हे, आणि धरून बसणार मी," बाई म्हणाली. "घेऊ या. मला सवय होईल."

बाईचं भूगोलावर प्रेम होतं आणि नकाशातल्या नद्यांवर तिचा विश्वास नव्हता. निळी रेघ काढली की झाली नदी, हे तिला मान्य नव्हतं. म्हणून दोघांनी ठरवलं, की एक नदी उगमापासून मुखापर्यंत काठाकाठाने माझ्यावर बसून बघायची. दर सुट्टीत एक टप्पा. मला रेल्वेच्या सामानाच्या डब्यात घालायचं, मागच्या खेपेला जिथे थांबलो तिथेच उतरायचं आणि तिथून पुढे निघायचं. आणि जायचं ते पाण्याच्या दिशेनेच. "नदी शेपटाकडून सुरू करायची नसते," असं बाई म्हणायची. घड्याळजीला उतारावर जायला मिळत असल्यामुळे त्याने या सिद्धान्ताला कधी आव्हान दिलं नाही.

काय दिवस होते! कामाची माणसं आम्हाला मागे टाकून भराभर जायची. आम्हाला कुठेच लवकर पोचायचं नव्हतं. दोन्ही अंगांना टेकड्या, मध्ये शेतं, कडेने झाडांची रांग आणि त्या रांगेआड कधी दिसणारी, कधी नुसती ऐकू येणारी नदी. दुपारी मला झाडाला टेकवून ती दोघं गवतावर पाय पसरायची. माझ्या सीटवर फुलपाखरू बसायचं. कचेरीतल्या खुर्चीच्या नशिबी हे येत नाही.

चालवायचे नियम ठरलेले होते. पुढच्याने रस्ता बघायचा आणि 'खड्डा', 'चढ', 'गाय' असं ओरडायचं. मागच्याने नकाशा धरायचा, देखावे बघायचे आणि रस्त्यावर मत द्यायचं नाही. चढावर मात्र भांडण ठरलेलं.

"अगं, तू पायडल मारतेयस ना?"

"मारतेय."

"मग एवढी जड का लागतेय?"

"ते तुम्ही मारत नसल्यामुळे असेल."

माझी चारही पायडलं एकाच चेनच्या हिशोबात फिरतात, त्यामुळे पाय सगळ्यांचेच फिरताना दिसतात. जोर कोणाचा आणि नुसते पाय कोणाचे, हे फक्त मला कळतं. मी कधी साक्ष दिली नाही. संसारात साक्षीदाराने गप्प राहावं.

मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. नदी टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली आणि दोघांचे केस पांढरे. शेवटी दोनच टप्पे उरले. आणि त्याच सुमारास घड्याळजीच्या डोळ्यांनी दगा दिला.

हे पहिल्यांदा कळलं मला. हँडलवरच्या हाताला सगळं कळतं. वळण येऊन गेल्यावर तो वळू लागला. 'खड्डा' हा शब्द खड्ड्यानंतर ऐकू येऊ लागला. त्याच्या नजरेच्या मधोमध एक डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसट. घरी त्याने हे सांगितलं नाही. घड्याळजीने डोळे गेले म्हणून सांगणं म्हणजे गवयाने गळा गेला म्हणून सांगण्यासारखंच.

बाईने विचारलं नाही. पण मागच्या सीटवरून ती एका अंगाला झुकून त्याच्या पाठीआडचा रस्ता बघू लागली, आणि रस्त्यावर मत द्यायचं नाही हा नियम न मोडता म्हणू लागली, "अहो, उजवीकडे काय सुंदर बगळे आहेत!"

घड्याळजी "वा वा" म्हणून हँडल उजवीकडे घ्यायचा. डावीकडे दगड पडलेला असायचा, तो चुकायचा.

मग तर त्या खोऱ्यात पक्ष्यांचा सुकाळच झाला. वळणावळणावर बगळे. एका धोकादायक पुलाआधी मोर. एकदा तर भर बाजारात, दोन हातगाड्यांच्या मधून जाताना, "डावीकडे हरीण!" घड्याळजी वेंधळा नव्हता. बाजारात हरीण नसतं हे त्याला माहीत होतं. पण तो निमूट डावीकडे वळला. तिला कळलंय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला ते कळलंय हे तिला. दोघंही एकमेकांना जपत एकमेकांपासून तेच लपवत होती. मध्ये मी.

असा त्या टप्प्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, रस्ता सरळ, रिकामा, काठाला लागून. कशाचीच धास्ती नव्हती. आणि डाव्या अंगाला, उथळ पाण्यात, खरोखरचे बगळे उतरले. पांढरेशुभ्र, थव्याने. बाई सगळं विसरली आणि लहान मुलीसारखी ओरडली, "अहो, डावीकडे बगळे!"

घड्याळजीने आज्ञाधारकपणे हँडल डावीकडे घेतलं.

आम्ही तिघंही नदीत गेलो.

पाणी गुडघाभरच होतं, चिखल मात्र मुबलक. बगळे उडून गेले. दोघं चिखलात समोरासमोर बसली होती आणि माझं पुढचं चाक हवेत गरगरत होतं.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही." मग जरा वेळाने, "बगळे खरंच होते?"

"आजचे खरे होते."

"आणि आधीचे?"

बाई पदर पिळू लागली.

"सगळे खोटे?"

"एक-दोन असतील खरे. मोर मात्र मुळीच नव्हता."

"हरणाचं मला आलं होतं लक्षात," घड्याळजी म्हणाला. "तुला कधीपासून कळलंय?"

"तुम्ही बायकांची बारकी घड्याळं परत पाठवायला लागलात तेव्हापासून."

ती हसायला लागली. तोही हसला, पण हसता हसता त्याने माझ्या हँडलवरचा हात काढून घेतला, आणि तो पुन्हा ठेवला नाही.

घरी आल्यावर त्याने दुकान बंद केलं आणि मला मागच्या खोलीत भिंतीला टांगलं. "आगगाडी विकून टाक," म्हणाला. शेवटचा टप्पा राहिला तो राहिला. मुलगी आली, तिनेही तेच सांगितलं, "आई, या वयात आता कुठे? बाबांना जप." जपण्याची सुरुवात म्हणून माझ्यावर ओले कपडे वाळत घातले जाऊ लागले. घरात वस्तू निवृत्त झाली की तिला हेच काम मिळतं. टायर बसले, चेन गंजली, घंटीत कोळ्याने संसार थाटला.

घड्याळजी खिडकीशी बसून राहायचा. जुनं घड्याळ कानाला लावायचा, खाली ठेवायचा. त्याचं बोलणं रोज थोडं थोडं कमी होत चाललं. बाई शाळेतून आली की आधी दारातच थांबून त्याचा आवाज येतो का ते ऐकायची. तिची भीती नदी राहून जाण्याची नव्हती. माणूस असाच बसल्या जागी विझून जाईल याची होती.

एका दुपारी तिने माझ्यावरचे कपडे काढले, मला खाली उतरवलं आणि ढकलत सायकलवाल्याकडे नेलं.

"पुढचं सीट खाली करा."

"किती?"

"माझे पाय टेकतील इतकं."

सायकलवाल्याने तिच्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. "दांडा आडवा येईल हो, बाई. आणि तो कापला तर ही मधूनच वाकेल."

"दांडा राहू दे. मी पँट घालते."

तिने नवऱ्याची पँट खालून दुमडून घातली. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर घड्याळजीला हात धरून आणलं आणि त्याचा हात मागच्या सीटवर ठेवला. त्याला काय ते कळलं. त्याने हात काढून घेतला.

"मी मागे नाही बसणार. मी काय पोतं आहे?"

"मग इतकी वर्षं मी कोण होते?"

मग माझं मागचं सीट करकरलं. तो बसला होता.

पहिले दिवस सांगण्यासारखे नाहीत. बाई ओरडायची "खड्डा!", पण खड्डा ओलांडून झाल्यावर. तो म्हणायचा, "अगं, आधी सांगायचं असतं!" ती म्हणायची, "आधी बघू तरी द्या!" दोनदा मैदानाच्या कुंपणाशी भेट झाली. आणि पहिल्या चढावर मागून दमलेला आवाज आला, "तू पायडल मारतेयस ना?" तेव्हा बाईने मागे न बघता दिलेलं उत्तर मी इथे देत नाही.

मग आम्ही निघालो. शेवटचा टप्पा, जिथे चिखलात बसलो होतो तिथूनच. बाईचे डोळे रस्त्याला खिळलेले, बोटं ब्रेकवर आवळलेली. नदीकडे बघायला तिला फुरसत नव्हती. मागे घड्याळजी मान वर करून बसला होता, घड्याळाला लावतात तसा कान त्या खोऱ्याला लावून.

"पाणी संथ झालंय," तो म्हणाला. "खाली वाळू असणार." मग, "पलीकडच्या काठाला कुणी कपडे धुतंय." आणि बऱ्याच वेळाने, "इतकी वर्षं नदीकाठाने आलो गं, पण मी पाहिले ते खड्डेच. देखावे सगळे तुझ्या वाट्याला."

"आता खड्डे माझ्या," बाई म्हणाली. "फिटंफाट."

मुखाजवळ रस्ता संपून बांध लागला. दोन्हीकडे डोक्याच्या वर वेताची दाटी; नदी दिसेना, समुद्र दिसेना. बांधाला दोन फाटे फुटले. नकाशात एकही नव्हता. बाईने ब्रेक लावले. चुकीच्या वाटेने चिखलात रुतलो तर या माणसाला बाहेर कोण काढणार? एवढं आणून, इथून मागे फिरायचं? तिने त्याला काही सांगितलं नाही. पण मागच्या सीटवर बसून पुढच्याची पाठ कळते, हे आता त्यालाही ठाऊक झालं होतं.

त्याने मान जरा कलती केली. ऐकलं.

"अगं," तो अगदी सहज म्हणाला, "डावीकडे काय सुंदर बगळे आहेत!"

बाईने डावीकडे पाहिलं. वेताशिवाय काही नव्हतं. "वा वा," ती म्हणाली, आणि माझं हँडल डावीकडे वळलं.

वेत विरळ झाला, वारा खारट झाला, आणि पुढे सगळं पाणीच पाणी.

आता आम्ही तिघंही थकलोय. मी दारातच उभी असते. बाजारापर्यंत जाते, संध्याकाळी पुलापर्यंत. घंटीतला कोळी बाईने हलक्या हाताने खिडकीत नेऊन ठेवला. ज्याने मला दोन मोडक्यांतून जोडलं त्याची मी ऋणी आहे, आणि जिने मला भिंतीवरून उतरवलं तिची त्याहून जास्त. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी लांबलचक सायकल टांगलेली असेल, तर विनंती एवढीच: कपडे दोरीवर वाळत घाला, तिच्यात हवा भरा, आणि एकदा तरी जागा बदलून बसा.

निघते. तो मागे बसलाय, ती दांड्यावरून पाय टाकतेय. "तयार?" "तयार." कोपऱ्यावर आज उजवीकडे बगळे आहेत म्हणे.