दोनशे दहा फेरे

शिफ्टप्रमुख बाईंनी फोन उचलून कानाला लावला, चालू असल्याची खात्री केली आणि परत ठेवला. सकाळपासूनची ही सातवी खेप. चालू असून न वाजणाऱ्या फोनपेक्षा बिघडलेला परवडला असता.

समोरच्या पडद्यावर आकडा होता ब्याण्णव टक्के. पायाखाली हजार मीटरवरच्या कोठारात तेवढा गॅस भरला होता. थंडीआधी कोठार नव्वद टक्के भरलेले असलेच पाहिजे, थंडी पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा नियम दोन वर्षांपुरता होता आणि आज पाचला संपत होता. राजधानीत मुदतवाढीवर खल चालू होता. इकडे मालकांनी मात्र गॅस बाहेर विकूनही टाकला होता.

नियम नव्हता त्या वर्षी ऐन थंडीत कोठार रिकामे निघाले आणि इस्पितळाचे बॉयलर विझले. बाईंची लेक तेव्हा चार दिवसांची होती. तिला पोटाशी धरून, वर दोन कोट घेऊन काढलेली ती पहाट बाई विसरल्या नव्हत्या.

दारातून मुकादमकाकांनी डोके आत घातले. कशालाही 'होणार नाही' म्हणायची सवय, म्हणून सगळे त्यांना थंडोबा म्हणत.

"आला फोन?"

"नाही."

"यायचाही नाही. वरच्यांच्या खोल्या ऊबदारच असतात. चला, मी व्हॉल्व्हच्या चाकाला लागतो."

"काका, अजून पाऊण तास आहे!"

"तीनशे फेरे आहेत, बाई. आणि साहेबांचा हुकूम आहे. पेन्शन चार महिन्यांवर आलंय, आता कशाला वाकड्यात शिरू?"

कोठारातला गॅस बाहेर सोडणारा आवारातला व्हॉल्व्ह चाक फिरवून हातानेच उघडायचा. पुढचा दुसरा बरोबर पाचला साहेबांच्या बटणावर उघडणार होता. हा जुना व्हॉल्व्ह किती उघडलाय ते कुठल्याच काट्यावर दिसत नसे. म्हणून दहा फेरे झाले की शेजारच्या भिंतीवर खडूची एक रेघ ओढायची, बंद करताना दहा फेऱ्यांना एक पुसायची, अशी तिथली रीत. साहेबांच्या खिडकीतून भिंत दिसे, चाक मात्र नळांच्या आड असे.

बाई आपल्या खिडकीशी उभ्या राहिल्या. एक रेघ. पाच. बारा. थंडोबांचा त्यांना मनापासून राग आला. म्हाताऱ्याने आज जरा अंग चोरले असते तर काय बिघडले असते!

एकवीस रेघा झाल्या आणि फोन वाजला.

"मिळाली!" मुख्य कचेरीतली मुलगी चक्क ओरडत होती. "वर्षभराची मुदतवाढ! तुमच्या साहेबांनाही कळवतेय!"

बाई दोन-दोन पायऱ्या एकदम उतरल्या. वाटेत भेटलेल्या वेल्डरला त्यांनी आनंदाने गदागदा हलवले, तो काय झाले म्हणेपर्यंत त्या आवारात पोचल्यासुद्धा.

थंडोबा नळांच्या आड उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते. एका हातात खडू होता. चाकाला साखळी होती, साखळीला कुलूप होते आणि कुलपावरची धूळ जशीच्या तशी होती.

"मिळाली?" त्यांनी विचारले.

बाईंनी मान डोलावली. काकांनी डोळे मिटून घेतले, मग बाहीने नाक पुसले.

"आणि फोन आला नसता तर?"

"किल्ली हरवली असती. हल्ली सगळंच हरवतं माझ्याकडून."

"आणि पेन्शन?"

"तेही." थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी पुढे केला. "त्या पहाटे मीपण इस्पितळातच होतो, बाई. वरच्या मजल्यावर, आमच्या हिच्या उशाशी."

त्या थंडीत काकू गेल्या एवढे बाईंना ठाऊक होते. कुठल्या दिवशी, ते कोणी विचारले नव्हते.

वर खिडकी उघडली आणि साहेबांचा आवाज आला.

"मुकादम! किती फेरे झाले? बंद करा, बंद करा!"

बाई चहा ओठांना लावणार होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि नळांच्या आडून बाहेर आल्या.

"दोनशे दहा, साहेब! उलटे फिरवतोय! अर्धा तास तरी लागेल!"

मग त्यांनी काकांच्या खांद्यावरचे फडके ओढून घेतले, मोठ्याने दहापर्यंत मोजले आणि पहिली रेघ पुसली.