विसळू नये अशी बाटली

मी एक जुनी, रुंद तोंडाची काचेची बाटली आहे. तेल, औषध, सरबत यांतलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. मी जन्मभर जहाजांचं सांडपाणी वाहिलं. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. जहाजावरची माणसंही तुमच्यासारखीच अंघोळ करतात, भांडी घासतात आणि सकाळी जायचं तिथे जातात. ते पाणी शुद्ध केल्याशिवाय समुद्रात सोडायचं नाही, असा नियम आहे. ते खरंच शुद्ध झालं की नाही, हे माझ्या पोटातल्या पाण्यावरून ठरायचं.

कारखान्यातून निघाले तेव्हा एका खोक्यात आम्ही चाळीसजणी होतो. मी बंदराजवळच्या प्रयोगशाळेत आले, बाकीच्या कुठे गेल्या ते मला कधीच कळलं नाही. इथे बाटल्यांची दोन घराणी होती. रसायनं तपासायच्या बाटल्या आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या आणि मग भरायच्या. जंतू तपासायच्या बाटल्या मात्र अजिबात विसळायच्या नाहीत. मी या दुसऱ्या घराण्यातली. धुणाऱ्या मावशी माझ्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड टाकायच्या, मला वाफेच्या यंत्रात ठेवायच्या आणि झाकणावर कागद बांधायच्या.

त्या पुडीचं काम समजून घ्या. जहाजावर जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात. बाटलीत भरल्यावरही ते आपलं काम करत राहतं. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत उरलेसुरले जंतूही मरतात, आणि घाण पाणी चांगलं ठरतं. पूड त्या क्लोरीनला जागच्या जागी थांबवते. कुणी मला विसळलं, की पूड वाहून जाते आणि मी खोटं बोलू लागते.

नमुने आणायचं काम काकांचं. तीस वर्षांत त्यांचा एकही नमुना बाद झाला नव्हता. नव्या माणसांना प्रयोगशाळेच्या मुख्य बाई सांगायच्या, "काम शिकायचं ना, तर काकांच्या हाताकडे बघत राहा." मीही बघायचे. नळ पुसायचा, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, झाकण हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही. त्यांनी मला हातात घेतलं की मला उगाचच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग काकू गेल्या. काकांचा डबा लहान झाला आणि बोलणं बाटल्यांशी सुरू झालं. गाडीत बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून ते म्हणायचे, "काय गं, गार आहात ना सगळ्या?" घरी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि पेटीत माझ्याशी. आमचं बरं जमायचं.

त्या दुपारी एका मोठ्या जहाजाचा नमुना घ्यायचा होता. अहवाल चांगला आला, की ते दुसऱ्या दिवशी टाकी खाडीत रिकामी करून निघणार होतं. खाडीच्या पलीकडच्या काठावर मुलं पोहतात. खालच्या यंत्रखोलीत उकाडा होता, कानठळ्या बसवणारा आवाज होता. काकांनी रसायनांच्या तीन बाटल्या विसळून भरल्या. चौथी मी. त्यांनी माझा कागद सोडला आणि त्यांचे हात आपल्याच नादात चालत राहिले. एकदा विसळलं, दोनदा, तीनदा. मग मला भरलं, झाकण लावलं आणि पेटीत ठेवलं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

धक्क्यावर गाडी सुरू करताना ते एकदम थांबले. पेटी उघडून त्यांनी मला उजेडात धरलं. पूड पाण्यात विरघळतेच, त्यामुळे दिसणार काहीच नव्हतं.

"तुला विसळलं का गं मी?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, मला उत्तर माहीत होतं. साऱ्या जगात ते फक्त मलाच माहीत होतं. काचेला तोंड असतं, पण बोलता येत नाही. मी त्यांच्या मुठीत नुसती गार पडून राहिले.

त्यांनी जहाजाच्या इंजिनिअरला फोन लावला. "साहेब, शेवटची बाटली मी विसळली होती का? तुम्ही समोर होतात म्हणून विचारतो."

"मी नाही बघितलं, काका. पण तुमच्या हातून कशी चूक होईल? अहो, तुमचं नाव आहे. आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र बंदसुद्धा केलं. पुन्हा चालवायचं म्हणजे उद्याची सकाळ. जहाज एक दिवस अडकेल."

काकांनी फोन ठेवला. निवृत्तीला एक महिना उरला होता. गप्प राहिले असते, तर कुणाला कधी कळलंही नसतं. तसं झालं असतं, तर मी त्यांना मनातून उतरवलं असतं का? नाही. माझं त्यांच्याशिवाय होतं कोण?

अखेर त्यांनी पेन काढलं आणि माझ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'बहुधा माझ्याकडून विसळली गेली. खात्री नाही. नमुना बाद धरावा.' खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुसरी बाटली घेऊन पुन्हा जहाजावर गेले.

मुख्य बाईंनी मात्र मलाही तपासलं. "खरं काय ते तरी कळेल," त्या म्हणाल्या. दुसऱ्या बाटलीत इतके जंतू निघाले की मोजता येईनात. इंजिनिअर बिघडलेलं यंत्र क्लोरीन ओतून झाकत होता. माझ्यात एकही जंतू नव्हता. इतकं निर्मळ पाणी मी आयुष्यात कधी वाहिलं नव्हतं, आणि ते साफ खोटं होतं.

खाडी वाचली. काकांचं कौतुक होईल, असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. नमुना बाद झाल्याने एक दिवस वाया गेला, अशी जहाजवाल्यांनी तक्रार केली, वरून खुलासा मागवणारं पत्र आलं आणि मुख्य बाईंना बोलणी खावी लागली. कुणी काकांना वाईट बोललं नाही. फक्त दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. आज काम आहे, उद्या जेवून आलोय, असं करत सगळे कडेकडेने निघून जायचे. समोरच्या कपाटातून मला ते दिसायचं. महिनाभर काकांनी तो लहानसा डबा एकट्याने खाल्ला, आणि मग ते निवृत्त झाले.

आता तयार, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आहेत. मला कुणी भरत नाही. नवे कर्मचारी आले, की मुख्य बाई मला कपाटातून काढून चिठ्ठी वाचून दाखवतात. "हा खरा प्रामाणिकपणा," असं त्या सांगतात. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पण ते ऐकताना मला राग येतो. हे त्यांनी काकांच्या कानावर घालायला हवं होतं, तेव्हा.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या बाटल्या जपा, विसळण्याआधी विचारा, हे तर आहेच. पण तुमच्यातलं कुणी उभं राहून 'बहुधा माझं चुकलं' असं म्हणालं, तर त्याची गोष्ट पुढच्यांना सांगायची घाई करू नका. त्या दुपारी आपला डबा उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.