सोमवार बंद

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे आणि पुण्यातल्या स्वतंत्र रॉक संगीताचा कणा आहे. या कण्याला लाथ मारून वाजवतात, एवढाच काय तो फरक.

रॉक बँडमध्ये मधोमध आडवा ठेवलेला सगळ्यांत मोठा ड्रम असतो, तो मी. वाजवणारा माझ्या पाठीमागे स्टुलावर बसून पायाखालचं पेडल दाबतो, पेडलच्या टोकाचा गोळा माझ्या पाठीत बसतो आणि 'धम्' असा आवाज येतो. लोक टाळ्या वाजवतात. त्या स्टुलावरच्या माणसासाठी असतात.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी कॅम्पातल्या एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात होतो. लोक जेवायचे आणि मी हळू वाजायचो. पुढे हॉटेलने ऑर्केस्ट्रा काढून टीव्ही लावला. तेजसने मला तिथून रिक्षात घालून आणलं. आम्ही दोघं मावत नव्हतो, म्हणून तो अर्धा बाहेर लटकत आला. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

तेजस कसबा पेठेतला. तिथे त्याच्या काकांचा तांब्याचे हंडे आणि बंब ठोकण्याचा कारखाना आहे आणि त्याला सोमवारी सुटी असते. तेजस, गिटार वाजवत गाणारा रंगनाथ आणि बेस गिटार वाजवणारी उत्कर्षा हे तिघं इंजिनिअरिंगला एकाच विषयात नापास झाल्यामुळे मित्र झालेले. त्यांनी दर सोमवारी दुपारी कारखान्यात सराव सुरू केला. सहा दिवस हातोडे ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना आपला आवाज काय जाणवणार, असं त्यांना वाटलं. पहिल्याच सोमवारी समोरच्या मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो कलाकार, आठवड्यातून एकच दिवस कान उघडे ठेवता येतात. तोही तुम्हालाच हवा का?"

"काकू, सातपर्यंत संपवतो," तेजस म्हणाला.

"सुरू कशाला करता?"

बँडचं नाव ठरवायला तीन महिने गेले. शेवटी, सोमवारी भेटतो म्हणून 'सोमवार'. माझ्या पुढच्या पांढऱ्या तोंडावर ते रंगवून घ्यायला तेजसने मला पाट्या रंगवणाऱ्या ज्ञानदेवांकडे नेऊन ठेवलं आणि कागदावर लिहून दिलं: सोमवार बँड. दोन दिवसांनी तो न्यायला आला, तेव्हा माझ्या तोंडावर लाल अक्षरांत, काळ्या सावलीसकट लिहिलेलं होतं: सोमवार बंद.

"अहो, बँड लिहायचं होतं!"

"तुमचं शुद्धलेखन चुकलं होतं. सुधारून दिलंय," ज्ञानदेव म्हणाले. "चाळीस वर्षं ही पाटी रंगवतोय. आजवर एकाही दुकानदाराची तक्रार नाही."

रंग वाळला होता, तेव्हा नावही पक्कं झालं. रंगनाथला आधी लाज वाटली. वर्षभराने तो मुलाखतीत सांगू लागला की, हे नाव म्हणजे व्यवस्थेविरुद्धचं विधान आहे.

आता माझा दोष सांगतो. मी एका जागी थांबत नाही. लाथ बसली की थोडा पुढे सरकतो, गाणं संपेपर्यंत वीतभर. पुढ्यात वीट लावून झाली, ती ढकलली. खाली सतरंजी घालून झाली, ती घेऊन निघालो. त्यात तेजस जात्याच घाईचा. गाणं शांतपणे सुरू करतो आणि दुसऱ्या कडव्याला मागे कुत्रं लागल्यासारखा सुटतो. अखेर उत्कर्षाने उपाय काढला. वाद्याला पाय लावायचा म्हणून तिने चप्पल काढली, मला नमस्कार केला, डावा पाय माझ्या पुढच्या कडेला टेकवला आणि तशीच उभी राहून वाजवू लागली. मी जागच्या जागी राहिलो.

असं आठ वर्षं चाललं. नोकऱ्या लागल्या, सुटल्या, रंगनाथचं लग्न झालं, तरी सोमवारी तो पाय तिथे असायचाच. गाणं पटलं नाही की तिचा अंगठा आखडतो, हे जगात फक्त मला ठाऊक आहे.

मग यंदा जानेवारीत एका मोठ्या संगीत सोहळ्याचं बोलावणं आलं. शहराबाहेरचं मैदान, हजारो माणसं. याचीच आठ वर्षं वाट पाहिलेली. त्या सोमवारी सराव थांबवून तेजस कोपऱ्यावरून चहा आणायला गेला आणि रंगनाथने गिटार खाली ठेवली.

"सोहळ्याला तेजस नको."

"म्हणजे?" उत्कर्षाने विचारलं.

"ठोके लॅपटॉपवर लावू. लॅपटॉप धावत तरी नाही. असली संधी पुन्हा येणार नाही, उत्कर्षा. मला काय आनंद होतोय का?"

"हे तू त्याच्याच काकांच्या कारखान्यात बसून बोलतोयस."

"मग कुठे बोलू? आपण भेटतोच इथे."

"आणि त्याला सांगायचं कुणी?"

"तू सांग. तुझं ऐकतो तो."

उत्कर्षा 'नाही' म्हणाली नाही. मित्रांनो, मी हे सगळं ऐकलं. ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला आवाज फुटायला तेजसचाच पाय लागतो आणि तेजस चहा आणायला गेला होता.

पुढच्या सोमवारी तिचा अंगठा पहिल्या गाण्यापासून आखडलेला होता. त्याच्या पुढच्या सोमवारी ती नुसती टाच टेकवून उभी होती, दर मिनिटाला पाय बदलत. दोन्ही वेळा ती काहीतरी बोलायला वळली आणि "चहा?" एवढंच म्हणाली. मलाही चैन पडेना. तिसऱ्या सोमवारी तिने पाय लावलाच नाही. ती रंगनाथच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

गाणं सुरू झालं. मी निघालो. तेजस वाजवता वाजवता स्टूल ओढत माझ्यामागे आला. मी सरकलो, तो सरकला. असे आम्ही दोघं पार बंबांच्या रांगेपाशी पोचलो.

"उत्कर्षा, पाय!" तो ओरडला.

तिने वाजवणं थांबवलं. "अजून किती वर्षं पाय लावून उभी राहू रे? जरा हळू वाजवता येत नाही तुला?"

तेजसने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथ गिटारची तार जुळवू लागला. ती जुळलेलीच होती.

"कोण येणार आहे माझ्या जागी?" तेजसने विचारलं.

"लॅपटॉप," रंगनाथ तारेकडे बघतच म्हणाला.

"निदान माणूस तरी बघायचास."

तेजसने काठ्या मांडीवर ठेवल्या. "धावतो ते कळतं मला. हळू वाजवलं की वाटतं, गाणं संपेपर्यंत तुम्ही दोघं इथे असाल की नाही."

समोरून मालनबाईंचा आवाज आला, "संपलं का? बरं वाटतंय हो!"

उत्कर्षाने चप्पल काढली. या वेळी नमस्कार करायचं विसरली. दोन्ही हातांनी मला मागे रेटून जागेवर आणलं आणि पाय टेकवला, पाचही बोटं पसरून.

"रंगनाथ, कळव त्यांना, तिघं येतोय म्हणून. नाहीतर तू आणि लॅपटॉप जा."

"अगं, पण..."

"लॅपटॉपला मी पाय कुठे लावू?"

रंगनाथ दोन सोमवार आला नाही. तिसऱ्या सोमवारी आला तो "माझी एक वायर इथे राहिलीय" म्हणत, आणि वायर न शोधता गायला लागला. त्याने आयोजकांना कळवलं. त्यांचं "चालेल" असं पत्र आलं.

सोहळ्यात तिघांनी चाळीस मिनिटांचा कार्यक्रम तेहतीस मिनिटांत संपवला. टाळ्या पडल्या, असं तेजस सांगतो. तो अजूनही धावतो. पण आता धावण्याआधी एकदा मान वळवून बघतो आणि उत्कर्षा त्याला डोळे वटारून दाखवते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा. पावसाळ्यात त्याला ओल लागू देऊ नका. आणि कुणाला काढून टाकायचं बोलणं त्याच्यासमोर करू नका, कारण तिथून उठून जाण्याची त्याला सोय नसते. आपल्या माणसाचा वेग चुकत असेल तर ते त्याला सांगा, चहा येण्याची वाट न पाहता.

सोहळ्याच्या दिवशी मी मात्र कारखान्यातच होतो. अशा ठिकाणी ड्रम आयोजकांचा असतो. कलाकारांनी स्वतःचा आणू नये, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं.