बसायची चोरी

रुचिराच्या काखेत गळू झालं, तेव्हा तिनं ते आधी अंगावरच काढलं. मग केमिस्टकडून गोळ्या आणल्या. गळू लिंबाएवढं झालं, ताप भरला, तेव्हा कुठे ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी चिरा देऊन पू काढला, तपासायला पाठवला. हा जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही, असं निघालं. "असे रुग्ण आता खूप येतात. जिममधूनही लागू शकतो. औषध बदलू. टॉवेल वेगळा ठेवा, हात धुवा," डॉक्टर म्हणाले.

तिचा नवरा नीरज कंपनीच्या कामासाठी परदेशी होता. त्याचा फोन जाताच सासूबाई, शालिनीताई, साताऱ्याहून नोएडाला हजर. रोजची पट्टी त्यांनीच हाती घेतली.

"आई, हातमोजे घाला ना."

"लेकराचं करताना मोजे कसले!"

रुचिराची जखम भरली. तिचं ऑफिस सुरू झालं. आणि मग तिला वेगळंच दिसायला लागलं. सासूबाई बसेनात. पेपर उभ्यानं, चहा उभ्यानं. दोघी करोल बागेला खरेदीला निघाल्या तर मेट्रोत एका मुलीनं जागा दिली, तीही सासूबाईंनी नाकारली. घरी आल्यावर त्या लंगडत आत गेल्या. यांना घराची ओढ लागली असणार, किंवा आपलंच काही चुकलं असणार, असं रुचिराला वाटलं. शेवटी तिनं विचारलंच.

"आई, रागावलात का माझ्यावर?"

"राग कसला गं?" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मला बसायची चोरी झालीय."

मांडीच्या मागे, अगदी वर, लालबुंद गळू होतं. डास चावला तिथं खाजवलं होतं म्हणे.

"आणि औषध?"

"तुझ्या उरलेल्या गोळ्या घेतल्या."

"केमिस्टच्या? अहो, त्या मलाच लागू पडल्या नव्हत्या! सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्यामुळे झालं. नुकती कुठे हसायला लागली होतीस."

रुचिरानं त्यांना जवळ घेतलं, मग डोळे पुसून फोन उचलला. पुरुष डॉक्टरला दाखवणार नाही, हे त्या बोलायच्या आधीच तिला ठाऊक होतं. तिनं एक बाई डॉक्टर शोधल्या. रिक्षात सासूबाई तिच्या अंगावर रेलून, एका कुशीवर कशाबशा टेकल्या. प्रत्येक खड्ड्याला "अगं आई गं" म्हणत होत्या, आणि दोघींना मधेच हसू फुटत होतं. चिरा देताना त्यांनी रुचिराचा हात असा आवळला, की बांगडीचा वळ उठला.

तपासणीत तोच जंतू निघाला. या वेळी औषध योग्य मिळालं आणि पट्टीचं काम रुचिराकडे आलं. सासूबाई लाजून उशीत तोंड खुपसायच्या आणि तिथूनच संध्याकाळच्या भाजीचं सांगायच्या.

जखम भरली. नीरजही परत आला. परतीच्या तिकिटाचा विषय मात्र सासूबाईंनी काढला नाही, आणि रुचिरानं तो काढू दिला नाही.