दोन भाषांतलं खोटं

मी खोटं एकदाच बोलले, पण दोन भाषांत बोलले. अर्जासोबतच्या निवेदनाचं एक पान इंग्रजीत, एक पान फ्रेंचमध्ये. फ्रान्समधल्या त्या एम.एस्सी.ची अटच तशी होती. परदेशी मुलांसाठीचा मातीशास्त्राचा कोर्स, निम्मे तास इंग्रजीत, निम्मे फ्रेंचमध्ये, आणि जागा फक्त वीस. मी साखरशेतची हर्षदा, जव्हारला बी.एस्सी. झालेली. फ्रेंच शिकले मोबाइलवर, दीड वर्ष, नाचणीची राखण करता करता. गावातल्या बाया म्हणायच्या, हिला लागीर झालंय, एकटीच बडबडते. होऊ दे, म्हटलं.

इंग्रजीचं पान उमेश सरांना तपासायला दिलं आणि तिथेच माशी शिंकली. सर आमच्या कॉलेजातले, मूळचे दाभोश्याचे, आता मोखाड्यात घर बांधून राहतात. माणूस वाईट नाही, सुट्टीतसुद्धा बोलावून शिकवलंय मला. पण पान परत आलं तेव्हा त्यात मी उरलेच नव्हते. मी लिहिलं होतं राबाबद्दल. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा पसरायचा, वर माती घालायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने हळूहळू भाजायचं. त्या मातीत मग नेमकं काय होतं, ते मला शिकायचं होतं. सरांनी सगळं खोडून लिहिलं, 'माझे अडाणी लोक अज्ञानापोटी माती जाळतात. मला त्यांना यातून सोडवायचं आहे.'

"सर, मी असं नाही म्हटलं."

"अगं, तिकडे असंच लागतं. थोडं दुःख दाखवावं लागतं. सगळं छान आहे म्हटलंस तर तुला घेतील कशाला?"

वीस जागांचा मोह होता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी माझ्या हाताने फ्रेंचमध्ये उतरवलं. 'अडाणी'ला शब्द हवा म्हणून शब्दकोशही उघडला. त्याची लाज अजून जात नाही.

मुलाखत ऑनलाइन होती. साखरशेतच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून सरांच्या घरी बसले. मोखाड्याचा बाजार होता, तेव्हा आईही सोबत आली. कोंडी तिचं नाव. खुर्ची नको म्हणून भिंतीला टेकून बसली. सकाळी राब भाजून तशीच निघाली होती, नखांत राख होती.

पडद्यावर दोघे होते, इंग्रजीवाले एक गृहस्थ आणि पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापक बाई. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग बाईंनी फ्रेंचमध्ये विचारलं, "तुमचे लोक अज्ञानामुळे माती जाळतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या आईला हे कसं समजावाल?"

सर बाजूने खुणावत होते, बोल, बोल. आईला एक अक्षर कळत नव्हतं आणि ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. माझं डोकं सणकलं. सरांवर नाही, स्वतःवर.

"ती इथेच आहे," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

आईला हाताला धरून कॅमेऱ्यापुढे आणलं. "आये, त्या बाई इचारतात, राब भाजू नको म्हनून तुला कसं समजवायचं? राब कशाला भाजायचा?"

"कशाला म्हंजे? नाय भाजला तं गवतच माजंल. आन रोप उपटताना मुळं तुटतील. भाजलेल्या मातीतून कसं अलगद येतं." मग तिनेच उलट विचारलं, "तिला इचार, त्यांच्याकडं गवताला काय करतात?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, औषध फवारतात.

"म्हंजे विखच की. मंग त्यांना कोन समजावतं?"

एक शब्द न गाळता मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाई मोठ्याने हसल्या. गृहस्थ मात्र हसले नाहीत. "मग हे वाक्य कुणाचं आहे?"

सुटायला वाट होती. भाषा नवी आहे, चुकले, म्हटलं असतं तर खपलं असतं. पण एकदा नाक कापून घेतलं तेवढं बास होतं. "इंग्रजी पान माझं नाही. फ्रेंच माझं आहे. खोटं आहे हे माहीत असून लिहिलं."

मुलाखत संपली तसा सरांनी लॅपटॉप धाडकन मिटला. "हातचं घालवलंस! काय मिळवलंस?"

"तुमचं नाव घेतलं नाही, सर. पण दाभोश्याला तुमची आई याच महिन्यात राब भाजते. तिला तोंडावर अडाणी म्हणून दाखवा, मग मी पुन्हा तसंच लिहीन."

आम्ही जीप पकडायला निघालो.

आठ दिवसांनी मेल आला. निवेदन स्वतःचं नसल्यामुळे अर्ज बाद, पुढच्या वर्षी पुन्हा करता येईल. मी खालच्या तुकड्याच्या बांधावर बसून वाचला आणि भडभडून रडले. आई राबासाठी कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, पसरत होती, ती धावत आली.

"काय झालं गं?"

"नाय घेतलं मना. खोटं लिवलं व्हतं म्हनून."

"काय लिवलं व्हतं?"

ते वाक्य इंग्रजीत खपलं, फ्रेंचमध्ये बसलं. आमच्या बोलीत, तिच्या तोंडावर सांगताना जीभ उचलेना. तरी सांगितलं. सगळं सांगितलं.

आईने पदराने तोंड पुसलं, पुन्हा वाकली, फांद्या सारख्या करू लागली. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलायची नाही. मीही उठले आणि दुसऱ्या टोकाने पाला पसरायला लागले. रडू थांबलं होतं. त्या वीसातली एक जागा मला अजून हवीच होती, आणि पुढच्या वर्षी मी ती मागणार होते, माझ्या शब्दांत.

तुकडा अर्धा झाल्यावर आई मान वर न करता म्हणाली, "पुढल्या साली परत अर्ज धाड. पन धाडायच्या आधी मना वाचून दाखवायचा."