वऱ्हांड्यातला हिरवा बाक

मित्रांनो, या देशाची लोकशाही माझ्यामुळे टिकून आहे. संसद, न्यायालयं, निवडणुका आपापल्या जागी ठीकच आहेत. पण सगळा भार शेवटी माझ्या चार पायांवर येतो. खरं सांगायचं तर तीन पायांवर. चौथा चार बोटं आखूड आहे आणि त्याच्याखाली वीट लागते.

मी दारव्हा तालुक्यातल्या हिवरटेक ग्रामपंचायतीचा जुना बाक आहे. साठा नोंदवहीत माझं नाव 'बाक सागवानी, नग एक' असं लिहिलं आहे. गावात मला बेंच म्हणतात. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणालो ते रीत म्हणून. तुमच्याबद्दल मला अजून काहीच माहिती नाही. तुमच्यापैकी कोणाच्या खिशात मोजायची टेप असेल, तर त्याने ते आधीच सांगावं.

टेपची मला धास्ती आहे. मी पूर्वी मारेगावकडच्या जंगलात सागाचं झाड होतो. एक दिवस खाकी कपड्यातला माणूस आला, त्याने माझ्या कमरेला टेप गुंडाळली, मला थोपटलं आणि खडूने माझ्यावर एक आकडा लिहिला. मला वाटलं, कौतुक चाललं आहे. आठवड्याने कुऱ्हाड आली. पुढे गावात रस्ता मोजायला टेप आली, तेव्हा समोरचं चहाचं दुकान गेलं. तेव्हापासून मी टेपवाल्याच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

मला लखीराम सुताराने घडवलं. हाताचा चांगला, पण भारी बोलका माणूस. तीन पाय त्याने मापून कापले आणि चौथा बोलता बोलता. ग्रामपंचायतीच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी मी होतो. पाहुणे बसले, एका बाजूला कलले, उठले आणि उभ्यानेच दोन शब्द बोलून गाडीत जाऊन बसले. गावाच्या इतिहासातलं ते सर्वांत छोटं भाषण. त्या दिवशी गावाने माझं फार कौतुक केलं.

नंतर मला वऱ्हांड्यात आणून ठेवलं. त्याला पन्नास वर्षं झाली. वऱ्हांडा म्हणजे काय, तर पुढे चार खांब, वर पत्रा, मागे कार्यालयाची भिंत आणि भिंतीत एक बुटकी खिडकी. मी भिंतीला चिकटून नाही. मधे दोन हात जागा सोडलेली आहे. ती कोणी सोडली, कोणत्या ठरावाने सोडली, याची नोंद कुठेच नाही. पण सगळी गंमत त्या दोन हातांत आहे.

माझ्या उजव्या टोकाला सदाशिवराव बसतात. ते कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. चपला काढून, दोन्ही पाय वर घेऊन, उकिडवे बसतात आणि सकाळचा पेपर मोठ्याने वाचतात, प्रत्येक बातमीनंतर "खोटं हाय" असं म्हणत. मधे शिपाई पूनमसिंगचा जेवणाचा डबा असतो. डावीकडे ज्याला साहेबाची वाट पाहायची आहे तो. आणि माझ्या पाठीमागे, त्या दोन हातांच्या जागेत, जमिनीवर, माझ्या पाठीला पाठ टेकून बाया बसतात. गावातल्या सासरेबुवांच्या शेजारी बाकावर कसं बसायचं, म्हणून कधीकाळी कोणी एक सून मागे बसली असेल. पुढे सासरे गेले, जागा राहिली.

तिथे मुख्य बेबीताई. चार एकर सोयाबीन आणि तूर स्वतः पाहते आणि ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य आहे. आत तिच्या नावाची खुर्ची आहे. त्या खुर्चीवर सध्या प्रिंटर बसतो. बेबीताईचा कारभार माझ्या पाठीमागून चालतो. कोणाचा केवायसी अडला, कोणाच्या गल्लीत नळ आला नाही, हे सगळं तिथे कळतं; आणि आत काय शिजतंय, ते खिडकीतून ऐकू येतं.

असं सगळं बरं चाललं असताना नवी इमारत मंजूर झाली. मंजुरीच्या कागदात एक विचित्र अट होती: इमारत लोकांच्या वापराला धरून, लोकांना विचारून आखावी. सरपंच रामरावांनी तो कागद तीनदा वाचला, उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "यात कायतरी हाय."

मग एके दिवशी यवतमाळहून मिताली आली. वास्तुरचनाकार. तरुण, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वही आणि, मित्रांनो, गळ्यात टेप. आठ दिवस ती गावात राहणार होती. काम काय, तर लोक कसे बसतात, उठतात, थांबतात, ते पाहायचं.

"नुसतं पाह्यते?" सदाशिवरावांनी विचारलं.

"नुसतं पाह्यते अन् लिहिते," पूनमसिंग म्हणाला.

"मंग अतिक्रमणवाली हाय."

दुपारपर्यंत ती विमावाली झाली, संध्याकाळी निवडणुकीवाली, आणि दुसऱ्या दिवशी ती कोणासाठी तरी मुलगी पाहायला आली आहे अशी खात्रीलायक बातमी आली. रामरावांनी मात्र धोका बरोबर ओळखला. ते म्हणाले, "हे पाहा, गावाची इज्जत हाय. आठ दिवस कोणीबी नेहमीसारखं वागायचं नाही."

गावाने आज्ञा इतकी काटेकोर पाळल्याचं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. लोक रांगेत, गुडघे जुळवून बसले. सदाशिवराव बूट घालून आले आणि पेपर मनात वाचू लागले. त्यांना काही समजत नव्हतं, असं चेहऱ्यावरून दिसत होतं. बायांना पहिल्या रांगेत बसवलं. माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. पाहुणी समोर असताना वऱ्हांड्यात पसरून बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं ठरलं.

मिताली घरोघरी विचारत फिरली. "तुम्हाला इमारतीत काय हवं?"

"तुमची मर्जी, बाई. आमाले सारं चालते."

ती रोज दुपारी तिची पिशवी माझ्यावर ठेवी आणि वही उघडून लिही. मी वाचायचो. 'लोक खुर्च्यांवर रांगेत बसतात. शांतता आवडते. वऱ्हांड्याचा वापर नाही.' सहाव्या दिवशी नकाशा तयार झाला. मोठं सभागृह, काचेची दारं, चाळीस खुर्च्या. मी वऱ्हांडा शोधला. नव्हता. बुटकी खिडकी शोधली. तिथे सरळ भिंत होती. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जुना बाक: निर्लेखन.' निर्लेखन म्हणजे वस्तू वहीतून खोडायची आणि चुलीत घालायची. खोडणं आधी होतं, एवढाच सरकारी नियम.

मुलगी मनाने चांगली होती, हे मी नाकारत नाही. तिने जे पाहिलं तेच आखलं. पण हिवरटेकने तिला हिवरटेक दाखवलंच नव्हतं. वऱ्हांडा गेला की मी जाणार, मी गेलो की मागची दोन हात जागा जाणार, आणि ती जागा गेली की बेबीताईने कुठे टेकायचं? हे सांगायला तोंड असलेले सगळे गप्प होते, आणि मला तोंड नव्हतं.

आठव्या दिवशी चार वाजता ग्रामसभा होती. त्यात नकाशा मंजूर व्हायचा होता. वरून कोणी साहेब येणार अशी आवई उठली. साहेब येणार म्हटलं की हिवरटेकमध्ये जे हलत नाही त्याला रंग देतात, असा जुना रिवाज आहे. एकदा ऊन खात बसलेलं एक कुत्रंही थोडक्यात वाचलं होतं. मला दुसऱ्या दिवशी खोडायचं असलं तरी आदल्या संध्याकाळी रंगवायचं ठरलं. स्मशानाच्या फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट अर्धा डबा होता. पूनमसिंगने त्यात ट्रॅक्टरचं डिझेल घालून तो पुरवला. तरी डावीकडचं टोक राहिलंच. मग भिंतीवर खडूने लिहिलं: 'रंग ओला आहे.'

डिझेलचा रंग सकाळपर्यंत वाळत नाही, आणि दुपारपर्यंतही नाही.

दुपारी बारा वाजता मिताली नकाशाच्या मोठ्या प्रती काढायला दारव्ह्याला गेली. तिची ऑटो वळणाआड गेली आणि गावाने आठ दिवस आत ओढून धरलेलं पोट सोडलं. सदाशिवराव बूट हातात घेऊन वऱ्हांड्यात आले. भिंतीवरची सूचना त्यांनी मोठ्याने वाचली.

"खोटं हाय," ते म्हणाले. "कालपासून लिहून हाय. आपून बसू नये म्हणून लिवलं."

त्यांनी खातरजमा म्हणून बोट लावून पाहिलं. ज्या टोकाला रंग पुरला नव्हता, नेमकं तिथे. बोट कोरडं निघालं. ते आपल्या जागी पाय वर घेऊन बसले. त्यांच्यावर विश्वास ठेवून इतर बसले. ज्याने स्वतः रंग दिला तो पूनमसिंगही सवयीने डबा ठेवून टेकला. थोड्या वेळाने रामराव पांढरा शर्ट घालून आले, "कायले बसले रे सारे?" असं ओरडले आणि बसले. मागे बाया आल्या, माझ्या पाठीला पाठ लागली. कोणाला आठ दिवसांचं हसू आलं, कोणाला नळाचं भांडण आठवलं. मित्रांनो, त्या दोन तासांत मी फार सुखी होतो. सुखाचा मला नेहमी संशय येतो, पण त्या दिवशी यायचा राहिला.

ऑटोचा आवाज आला आणि सगळे पटापट उठून आत कार्यालयात खुर्च्यांवर रांगेत जाऊन बसले.

चार वाजता सभा सुरू झाली. साहेब आलेच नाहीत. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. मितालीने नकाशा लावला. रामरावांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?" कोणाची नव्हती. ते नकाशावर सही करायला वळले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर तीन आडव्या हिरव्या पट्ट्या दिसल्या. मिताली बघत राहिली. आभार मानायला सदाशिवराव उठले. त्यांच्या मागे फरशीवर हिरवी पावलं होती, वऱ्हांड्यापासून खुर्चीपर्यंत. तिसऱ्या रांगेतल्या एकाच्या बसायच्या जागी पट्ट्या, दुसऱ्याच्या कोपराला. पहिल्या तीस सेकंदांत तिला ती गावची काही प्रथा वाटली असावी. मग ती पावलांच्या उलट्या दिशेने चालत माझ्यापाशी आली.

तिने टेप काढली. मी डोळे मिटून घेतले असते, असते तर.

पण ती मोजत नव्हती. वाचत होती. उजवीकडे पायांचे दोन तळवे उमटले होते. मधे डब्याचं गोल वर्तुळ होतं. मग ती मागे गेली, वाकली आणि बराच वेळ तिथेच राहिली. माझ्या पाठीच्या खालच्या फळीवर, जमिनीपासून दीड-दोन हातांवर, सात ठिकाणी रंग पुसला गेला होता.

"बेबीताई," तिने हाक मारली, "तुमच्या लुगड्याला मागे खाली कुठेच रंग नाही. फक्त खांद्यांवर आहे. हे कसं?"

"मागं बसतो न आमी. खाली. पाठ टेकून."

"कधीपासून?"

"मी लग्न होऊन आली तवापासून."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी काय इचारलं? बेंचवर किती बाया बसते. एकबी नाही बसत. खरं तेच सांगतलं."

मितालीने वहीतलं पान चाळलं. प्रश्न तोच होता.

"आणि आतली खुर्ची? ती तर तुमच्या नावाची आहे."

"प्रिंटर उठला त बसन," बेबीताई म्हणाली. "पण बाई, खुर्चीवर चहा येते, ऐकू काही येत नाही. ह्या खिडकीतून सारं ऐकू येते. अन् बायाबी इथं बोलते, आत नाही बोलत. तुमच्या त्या कागदावर मी पाह्यलं. इथं भिंत हाय."

"पाहिलं होतं? आणि गप्प बसलात?"

"मले वाटलं तुमीबी पाह्यलं असन."

रामरावांच्या हातातलं पेन तसंच होतं. मितालीने नकाशा काढून घेतला आणि खडू घेऊन वऱ्हांड्यात आली. "आता सगळ्यांनी नेहमीसारखं बसा. मी खुणा करते."

सदाशिवरावांनी विचारलं, "याच्यात काही सही-बिही लागते काय?"

शेवटी बेबीताई मागे जाऊन बसली. तिच्याभोवती खडूची रेघ ओढली गेली. तिने रेघेकडे पाहिलं, मितालीकडे पाहिलं आणि म्हणाली, "थोडी मोठी काढा. सोयाबीनच्या दिवसांत टोपलीबी राह्यते."

पंधरा दिवसांनी नवा नकाशा आला. त्यात रुंद वऱ्हांडा आहे, बुटकी खिडकी आहे, खिडकीखाली टोपलीसकट अडीच हात जागा आहे. सदाशिवरावांनी तो वाचून "खोटं हाय" म्हटलं, पण हळू आवाजात. आज भिंती खिडकीच्या वर गेल्या आहेत. बेबीताई रोज शेतातून येताना थांबते आणि खिडकीची उंची स्वतःच्या कानाशी लावून पाहते. तिचाही अजून विश्वास बसलेला नाही. माझ्या नावापुढे आता 'निर्लेखन' खोडून 'जतन' असं लिहिलं आहे. तो शब्द मला नीटसा आवडलेला नाही. जतन केलेल्या वस्तूंवर लोकांना बसू देत नाहीत, असं ऐकलं आहे.

मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी तुम्हाला उपदेश करायला हवा. लोकांसाठी इमारत बांधणाऱ्याने लोकांना विचारावं. पण ते काय सांगतात याच्याइतकंच, त्यांच्या कपड्यांना रंग कुठे लागलाय हेही पाहावं. आणि तुमच्या गावातला जुना बाक फेकण्याआधी त्याच्या मागे जाऊन वाकून बघा, तिथे कोणी बसतं का. मोठ्या गोष्टी सांगाव्यात तेवढ्या थोड्याच.

पण त्याआधी एक काम होतं. बांधकामाला माल कमी पडला तेव्हा गवंड्याने माझ्या चौथ्या पायाखालची वीट उचलून नेली. खिडकीच्या डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या थरात आहे. थोडी हिरवी दिसेल. भिंतीला प्लास्टर व्हायच्या आत तेवढी परत आणून द्या. सदाशिवराव सारखे घसरतात.