माझाच फोटो माझ्यापुढे गेला

मित्रांनो, काळाचौकीतल्या आमच्या मंडळाच्या खोलीत, ढोलांच्या मागे भिंतीला टेकून उभी आहे ती जुनी प्लायवूडची होडी म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, एका कडेचे पापुद्रे सुटले आहेत. पण एके काळी गणपतीत मला बघायला रांग लागायची.

मला अप्पांनी घडवले. अप्पा मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर सुतारकाम करू लागले. मंडळाच्या हलत्या देखाव्यासाठी त्यांनी मला करवतीने कापले, निळा-पांढरा रंग दिला आणि पोटाखाली गाडीच्या वायपरची मोटर बसवली. भर वादळातून कोळी घरी परततो, असा तो देखावा होता. बटण दाबले की कापडी लाटांमध्ये मी वीतभर पुढे जायचे, वीतभर मागे यायचे. बापाच्या खांद्यावर बसलेली मुले ओरडायची, "ती बघ, होडी हलली!" अप्पा पडद्याआड उभे राहून ते ओरडणे ऐकायचे.

पुढे अप्पांच्या हातांना कंप सुटला. करवत सुटली, ब्रशही सुटला. माझी मोटर जळली ती जळलीच. तरी अप्पा येत, माझ्या कडेवरून हात फिरवत आणि घरी जात. मला तेवढे पुरेसे होते. अप्पा माझेच होते.

यंदा मंडळाचा मयूर म्हणाला, "अप्पा, या वेळी देखावा मोठ्या स्क्रीनवर करू. गोष्ट तीच, कोळ्याची. अनुजा स्लाइड्स बनवेल."

अनुजा म्हणजे अप्पांची नात. ती आली, तिने माझ्यावरची धूळ पुसली. मी मनात फुलून गेले. पण तिने नुसता माझा फोटो काढला! मग तिथेच बसून लॅपटॉपवर तो कडेकडेने कापला, निळ्या स्लाइडवर ठेवला आणि त्याला हालचाल दिली. फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर निघून गेला.

मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. आयुष्यभर मी वीतभर डुलले, आणि या बिनवजनाच्या चित्राने एका दमात समुद्र ओलांडला! रूप माझे, रंग माझा, मिरवणार मात्र ते.

अनुजाने मात्र तोंड वाकडे केले. "लिफ्टसारखी सरळ जातेय. मजा नाही येत." मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पण तिने लगेच आजोबांना हाक मारली. "अप्पा, होडीचा रस्ता तुम्ही काढा. माउसचं बटण दाबून धरा आणि जिथे न्यायचीय तिथपर्यंत रेघ ओढा."

"माका जमाचा नाय गो. माझ्या हातात पाण्याचो पेलो सुदीक ऱ्हवना नाय."

"चुकलं तर पुसू. बसा ना!"

अप्पा बसले. हात थरथरत होता, रेघ वेडीवाकडी गेली. त्यांनी मान खाली घातली. "मी सगळा बिघडवलंय."

अनुजाने बटण दाबले. फोटोतली होडी खाली गेली, वर उसळली, कचरली आणि पुन्हा पुढे झेपावली. खऱ्या वादळात सापडल्यासारखी.

अप्पा पुढे झुकले. "ही लाट खंयसून इली गो?"

"तुमच्या हातातून, अप्पा."

किती वर्षांनी ते मोठ्याने हसले! "थांब, आता ढग पण मीच हलवतलंय!" त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मला हात लावला नाही. त्यांच्या लक्षातच राहिले नाही. माझ्या लाकडात आग पेटल्यासारखे झाले.

गणपती आले. बंद खोलीत मला मुलांचा आरडाओरडा ऐकू आला, "होडी बुडतेय! नाही, आली वर!" मग मयूरचा आवाज आला, "अप्पा, पुढे या, पोरं विचारतायत होडी कोणी चालवली."

माझा मत्सर गेला, असे मी म्हणणार नाही. त्या फोटोचे नाव काढले की आजही मला चटका बसतो. मित्रांनो, कुणी मला रंगाचा एक हात दिलात तर मला आनंदच होईल. पण त्याआधी तुमच्या घरात एखादा थरथरणारा हात रिकामा बसला असेल, तर त्याला काम द्या. मी लाकूड आहे, मी थांबेन.